चेहऱ्याच्या जागी

'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' या अल्बमच्या मुखपृष्ठावर समुद्रस्नानाला आलेल्या माणसांचे एक जुने युरोपीय पोस्टकार्ड आहे. त्यातल्या बाईने एक हात उंचावला आहे, अंगावर जुन्या वळणाचा पोशाख आहे, आणि चेहऱ्याच्या जागी ढोलाचे ताणलेले कातडे आहे. पोस्टकार्ड जेफ मँगमच्या संग्रहातले; त्यावर हा फेरफार क्रिस बिलहायमर या आरेखनकाराने केला. तिथे एके काळी एक चेहरा होता. तो कसा होता, हे अल्बम ऐकणाऱ्यांपैकी फारसे कोणी विचारत नाही. या अल्बमवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्याच्या मुखपृष्ठाइतके नेमके भाष्य मला दुसरे माहीत नाही.

न्यूट्रल मिल्क हॉटेल हा बँड सुरुवातीला म्हणजे मँगम एकटाच होता. लुइझियाना राज्यातल्या रस्टन या लहान गावातले काही शाळकरी मित्र घरच्या घरी टेपरेकॉर्डरवर गाणी करून एकमेकांना देत. त्या गोतावळ्याला पुढे 'एलिफंट सिक्स' असे नाव पडले. त्यांच्यातल्याच रॉबर्ट श्नायडरच्या डेन्व्हरमधल्या स्टुडिओत १९९७च्या उन्हाळ्यात हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि फेब्रुवारी १९९८मध्ये मर्ज रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीने तो काढला. बड्या कंपन्यांच्या पैशाबाहेर चालणाऱ्या अशा संगीताला इंडी रॉक म्हणतात. इथे गिटार आहे, ड्रम आहेत, लग्नाच्या बँडसारखी किंचित बेसूर पितळी वाद्ये आहेत, आणि सुताराची करवत वाकवून तिच्यावर गज फिरवल्यावर निघतो तसा रडवेला स्वर आहे. या सगळ्यावर मँगमचा आवाज. तो गात नाही, जवळजवळ ओरडतो. आता फाटेल असे वाटते आणि फाटत नाही.

हा अल्बम पुष्कळ अंशी एका मुलीविषयी आहे. मँगमच्या हाती ॲन फ्रँकची डायरी पडली, ती वाचून आपण कित्येक दिवस रडत होतो, असे त्याने एका मुलाखतीत सांगितले होते. गाण्यांमध्ये तिचे पूर्ण नाव कुठेही येत नाही. पण एका गाण्याचे शीर्षकच 'हॉलंड, १९४५' आहे, आणि 'ओ कमली' या आठ मिनिटांच्या गाण्यात गाणारा एक वेडी इच्छा बोलून दाखवतो: काळात मागे नेणारे एखादे यंत्र मिळावे आणि तिला वाचवता यावे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर एक अमेरिकन तरुण प्रेम करतो आणि ते प्रेम गिटारवर ओरडून सांगतो. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटते. थोडे अशोभनीयही वाटते. आणि तरी ते खोटे वाटत नाही, ही या अल्बमची खरी अडचण आहे.

अल्बम आला तेव्हा त्याचे बरे स्वागत झाले, डोक्यावर वगैरे कोणी घेतले नाही. 'पिचफोर्क' या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी ८.७ गुण दिले. काही महिने बँड दौऱ्यावर होता. गर्दी वाढत होती. आणि मग मँगम थांबला. नवा अल्बम नाही, कार्यक्रम नाहीत, मुलाखती जवळजवळ नाहीत. त्याने भांडण केले नाही, निवृत्ती जाहीर केली नाही. तो नुसता दिसेनासा झाला. २००५मध्ये डॉमिनो या कंपनीने अल्बम पुन्हा बाजारात आणला, तेव्हा त्याच संकेतस्थळाने त्याला पुन्हा गुण दिले: दहापैकी दहा.

या मधल्या सात वर्षांत ध्वनिफितीवरचा एकही स्वर बदललेला नव्हता.

आता कलाकृतीची थोरवी उशिरा कळते, हे काही नवीन नाही. पण इथे उशिरा जे कळले ते निव्वळ संगीत होते का, याची मला शंका आहे. अल्बमच्या अगदी शेवटी, शेवटचे गाणे संपल्यावर, गिटार खाली ठेवल्याचा आवाज येतो आणि पावले दूर जाताना ऐकू येतात. १९९७मध्ये हा फक्त खुर्चीवरून उठणाऱ्या माणसाचा आवाज होता. नंतर तो संन्यास झाला. मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मँगम गप्प झाल्याची कथा आधीच कानावर आलेली होती, त्यामुळे ती पावले मला नुसती पावले म्हणून कधी ऐकताच आली नाहीत. त्याने त्यानंतर पाच बेताचे अल्बम काढले असते, वय वाढले असते, पोट सुटले असते, तर दहापैकी दहा मिळाले असते का? मला तसे वाटत नाही. म्हणजे त्या वाढीव गुणांपैकी काही त्याच्या मौनाला मिळाले. एका माणसाने काहीतरी सोसून, काहीतरी सोडून जे मौन पत्करले, ते आम्ही श्रोत्यांनी अल्बमचे अकरा गाण्यांनंतरचे बारावे गाणे म्हणून ऐकले.

आणि त्याला शोधायला लोक निघाले. जी. ए. कुलकर्णींचा काळा चष्मा आठवणाऱ्या मराठी वाचकाला ही ओढ नवी नाही. २००३मध्ये अटलांटातल्या एका साप्ताहिकाच्या पत्रकाराने मँगमचा माग काढायचा प्रयत्न केला. अखेर मँगमकडून त्याला एक छोटेसे ई-पत्र आले. त्याचा आशय असा: मी कल्पना नाही, माणूस आहे, आणि मला एकटे राहायचे आहे हे उघड आहे, तेव्हा मला सोडा. हे पत्र छापले गेले, म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे. गंमत अशी की त्यानंतर मँगमविषयी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक लेखात ते वाक्य येते. कल्पना होण्याविरुद्धची तक्रारच त्या कल्पनेचा सगळ्यात प्रसिद्ध भाग होऊन बसली.

इथवर आपली सहानुभूती सरळ मँगमच्या बाजूने जाते. पण हेच वाक्य ॲन फ्रँकच्या तोंडी घालून पाहा. मी कल्पना नाही, माणूस आहे. हे ती कोणाला म्हणाली असती? सगळ्यात आधी ज्यांना म्हणाली असती, त्यांत मँगम असता. अल्बममध्ये तिचे भूत वावरते, एका गाण्यात ती स्पेनमधला एक लहान मुलगा होऊन पुन्हा जन्माला येते, गाणाऱ्याच्या स्वप्नांत येते. 'हॉलंड, १९४५' हे शीर्षक तिच्यासाठी असेल, तर त्यात एक साधी चूकही आहे. ४ ऑगस्ट १९४४ला ॲम्स्टरडॅममधल्या प्रिन्सनग्राख्त २६३ या इमारतीत तिला पकडले. १९४५ साल उजाडले तेव्हा ती हॉलंडमध्ये नव्हतीच. ती आणि तिची बहीण मार्गो जर्मनीतल्या बर्गन-बेल्सनच्या छावणीत होत्या आणि तिथेच त्या वर्षाच्या सुरुवातीला मेल्या. देश आणि साल शेजारी ठेवल्यावर शीर्षक कानाला सुंदर लागते, एवढे मात्र खरे.

योगायोग असा की मँगम हा अल्बम करत होता त्याच वर्षी, १९९७च्या ऑक्टोबरात, सिंथिया ओझिक यांचा एक संतप्त निबंध 'न्यूयॉर्कर'मध्ये आला. ॲन फ्रँक कोणाची, असा त्याचा प्रश्न होता. डायरी मूळ रूपात काटछाट करून छापली गेली, मग १९५५मध्ये तिचे ब्रॉडवेवर नाटक झाले, माणसे मुळात चांगलीच असतात या अर्थाच्या तिच्या एका वाक्यावर नाटकाचा पडदा पाडला गेला, आणि एका खून झालेल्या मुलीची आशेची देवता झाली, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्या इथवर जातात की डायरी जळाली असती, हरवली असती, तर कदाचित अधिक बरे झाले असते. हे वाक्य मला आजही पटत नाही, पण त्यातली चीड मात्र पटते. इतक्या लोकांनी तिला इतके आपलेसे केले की ती स्वतः उरली नाही.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राला हा आक्षेप कळलाच नसता, असे म्हणण्याचा मोह होतो. क्रौंचवधाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शोकाचा श्लोक झाला. पण अभिनवगुप्त 'लोचना'त बजावतो की हा शोक मुनींचा स्वतःचा शोक समजू नये. तो तसा असता तर मुनी दुःखाने व्याकूळ होऊन बसले असते, काव्य झाले नसते. भट्टनायकाने याला साधारणीकरण म्हटले. भाव 'माझा' राहत नाही, 'त्याचा' राहत नाही, कोणाचाच राहत नाही, तेव्हाच त्याचा आस्वाद घेता येतो. या हिशेबाने व्यक्तीचा चेहरा पुसून तिथे कातडे बसवणे हा कलेचा अपराध नाही, तोच तिचा धर्म आहे. कातडे ताणले तरच ढोल वाजणार.

फक्त एक बारीक गोष्ट आहे. रामायणात निषादाचा बाण लागून मेला तो नर आणि आक्रोश करते ती क्रौंची. 'ध्वन्यालोका'च्या प्रचलित पाठात मात्र सहचरी मारली गेली आहे आणि रडतो आहे तो नर. या विसंगतीचे काय करायचे, यावर पंडितांनी बराच खल केला आहे. मला त्यातले पाठभेद सोडवायचे नाहीत. मला एवढेच दिसते की रस इतका पूर्ण सिद्ध झाला की मेले कोण, हे विसरले तरी चालले. जिवंत उरलेल्या पक्ष्याच्या दृष्टीने हा तपशील तितका किरकोळ नसावा.

मग काय करायचे? दुसऱ्याच्या दुःखावर कोणी गाणेच करू नये? मेलेल्या माणसाला कशानेच इजा होत नाही, असे म्हणून सुटका करून घेता येते. पण ज्यांनी एखाद्या मेलेल्या माणसाविषयी खोटे बोललेले ऐकून मुठी आवळल्या आहेत, त्यांना हे उत्तर पुरत नाही. दुसरीकडे ओझिक यांच्या चिडीचा शेवट केला तर सगळ्या डायऱ्या जाळाव्या लागतील.

इथे ॲनविषयीची एक गोष्ट, जी तिला निरागस देवता करणारे विसरतात, उपयोगी पडते. मार्च १९४४मध्ये लंडनहून प्रसारित झालेल्या डच रेडिओवर परागंदा सरकारच्या एका मंत्र्याने आवाहन केले की युद्धकाळातल्या डायऱ्या, पत्रे लोकांनी जपून ठेवावीत. ते ऐकून ॲनने आपली डायरी पुन्हा लिहायला घेतली. काटले, जोडले, प्रसंग नीट रचले. तिला लेखिका व्हायचे होते, पुस्तक काढायचे होते, आणि त्या पुस्तकासाठी तिने सोबत लपलेल्या माणसांना खोटी नावे दिली. तिच्याच खोलीत राहणाऱ्या फ्रिट्झ फेफर या दंतवैद्याचे तिने नाव ठेवले आल्बर्ट ड्युसेल. जर्मनमध्ये ड्युसेल म्हणजे मूर्ख, मठ्ठ. फेफर पन्नाशीचा, ती तेरा-चौदाची. एक चिंचोळी खोली आणि एकच टेबल. आठवड्यातल्या दोन दुपारी दीड-दीड तास ते टेबल आपल्याला मिळावे यासाठी तिला जे भांडावे लागले, ते वाचताना हसू येते आणि आपण अर्थातच तिच्या बाजूने होतो. मराठीसह जगातल्या कित्येक भाषांमध्ये फेफर आज ड्युसेल आहे: कुरकुरा, हटवादी, थोडासा हास्यास्पद.

फेफर २० डिसेंबर १९४४ला नॉयनगामच्या छावणीत मेला. त्याच्यामागे शार्लोटे कालेट्टा होती. ती ज्यू नव्हती, आणि न्यूरेंबर्गच्या वंशकायद्यांमुळे त्या दोघांना लग्न करता आले नव्हते. लपलेल्या काळात त्याची पत्रे मीप खीस तिच्यापर्यंत पोचवत असे. १९५३मध्ये तिने मेलेल्या फेफरशी कायद्याने लग्न नोंदवून घेतले, मागच्या तारखेने. आणि दोनच वर्षांनी तिला ब्रॉडवेवरच्या नाटकातला ड्युसेल भेटला, ज्याला ज्यूंच्या सणातले साधे विधीही ठाऊक नसतात. फेफर धर्म पाळणारा माणूस होता. तिने नाटककारांना निषेधाचे पत्र लिहिले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे की नाटक म्हणजे वास्तवाचा आरसा नव्हे. प्रेक्षकांना विधी समजावून सांगण्यासाठी रंगमंचावर अज्ञानी असे कोणीतरी लागतेच.

हे उत्तर मी पुन्हा पुन्हा आठवतो. त्यात खोटे काहीच नाही. अभिनवगुप्तानेही बहुधा मान डोलावली असती. आणि तरी ते ऐकवत नाही. का ऐकवत नाही, याचा विचार केला की मला वाटते, ॲन आणि नाटककार यांच्यात इथे फरक पडतो. ॲनने फेफरची कल्पना केली ती एका खोलीत कोंडलेली, रागावलेली, चौदा वर्षांची मुलगी म्हणून. आणि तिला उत्तर द्यायला फेफर समोर होता. तो रोज तिच्याशी भांडत होता. नाटककारांकडे माणूस स्वतःहून चालून आला, पत्रातून, विधवेच्या अक्षरात, आणि म्हणाला की मी असा नव्हतो. त्यांनी त्याला सांगितले की आम्हाला तुझ्यापेक्षा तुझी कल्पना जास्त उपयोगी आहे.

माणसाची कल्पना केल्यावाचून कला होत नाही. प्रेमही होत नाही, आणि शोकही. आपण आपल्या गेलेल्या आजीचीसुद्धा कल्पनाच करत असतो. त्यात अपराध शोधायला गेलो तर बोलणेच बंद करावे लागेल. माझा आक्षेप दुसऱ्या क्षणाविषयी आहे: माणूस दार ठोठावतो, 'हा मी' म्हणतो, आणि आपण कल्पनेलाच घरात ठेवून घेतो. अटलांटाच्या पत्रकाराचा आणि आम्हा श्रोत्यांचा अपराध हा होता. मँगमने लिहून कळवले, आणि आम्ही ते लिहिणेही दंतकथेत घालून टाकले.

मँगमच्या बाजूने मग काय म्हणता येईल? ॲन दार ठोठावू शकत नाही. पण तिचे पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकाशी हा अल्बम ब्रॉडवेच्या नाटकापेक्षा अधिक इमानाने वागतो, असे माझे मत आहे. तो तिच्या तोंडून काही वदवत नाही. तिच्याकडून दिलासा मागत नाही. माणसे मुळात चांगलीच असतात असे सांगून आपल्याला घरी पाठवत नाही. काळात मागे नेणाऱ्या यंत्राची इच्छा इतकी पोरकट आहे की ती बोलताक्षणीच असहाय वाटते. वाचवता येणार नाही हे त्या इच्छेतच आहे. नाटकाच्या प्रेक्षकाला वाटते की ॲन कुठेतरी उरली. या गाण्यानंतर वाटते की ती मेली आणि हे कधीही दुरुस्त होणार नाही. 'हॉलंड, १९४५' हे शीर्षक भूगोलात चुकले असेल, पण ते मृत्यूचे साल पुसत नाही. माझ्या लेखी हे थोडे नाही. तिचे स्वप्नात येणे, तिचा पुनर्जन्म, हे मात्र मला आजही खटकते, आणि अल्बम आवडतो म्हणून ते खटकणे मी आवरते घेणार नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगता येईल. २०१०पासून मँगम अधूनमधून एकटाच गिटार घेऊन गाऊ लागला. ऑक्टोबर २०११मध्ये न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कात धरणे धरून बसलेल्यांसमोर तो गायला. २०१३ ते २०१५ जुना बँड पुन्हा दौऱ्यावर निघाला. नवे गाणे एकही नव्हते. या कार्यक्रमांत छायाचित्रे आणि चित्रीकरण यांना मनाई होती. पैसे देऊन आलेल्या काही लोकांना हा तोरा वाटला. मला ती मनाई अगदी रास्त वाटते. तो म्हणत होता की ऐका, गा, पण माझा चेहरा काढून नेऊ नका. त्या पोस्टकार्डावरच्या चेहऱ्याला ही मुभा मिळाली नव्हती, हे त्याला आठवत होते की नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

ज्या वर्षांत लोक त्याला शोधत होते, त्या वर्षांत त्याचा एक अल्बम निघाला होता आणि त्याकडे जवळजवळ कोणाचे लक्ष गेले नाही. बल्गेरियातल्या कोप्रिव्श्तित्सा या डोंगराळ गावात दर पाच वर्षांनी लोकसंगीताचा मोठा मेळा भरतो. मँगम तिथे ध्वनिमुद्रक घेऊन फिरला. वाद्ये, म्हाताऱ्या बायकांची गाणी, गर्दी, एका गाण्यातून दुसऱ्यात मिसळत जाणारे आवाज. २००१मध्ये ऑरेंज ट्विन या लहान कंपनीने ते काढले. त्यात तो गात नाही. लोक गातात, आणि तो यंत्र हातात धरून उभा आहे.